शेऱ्याचा रकाना

लिहिता येणाऱ्या माणसाने जगाचं जेवढं नुकसान केलं आहे, तेवढं आग आणि पूर यांनी मिळूनही केलेलं नाही. हा सिद्धान्त माझा स्वतःचा आहे. तो सिद्ध करायला मला कोइमतूरमध्ये, इडलीचं पीठ वाटायच्या यंत्रांच्या कारखान्यात बसून सात पानं लिहावी लागली.

त्याच कारखान्यात मी तीस वर्षं ग्राइंडरसोबत द्यायच्या माहितीपुस्तिका लिहिल्या. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तेव्हा मालकांच्या मुलीने, याळिनीने, परत बोलावलं.

"सार, आपण एआय एजंट घेतलाय. गिऱ्हाइकांशी तोच बोलणार, त्यांच्या नोंदीही तोच बदलणार. सॉफ्टवेअरमधलं कुठलं साधन कधी नि कसं वापरायचं, एवढं त्याला साध्या भाषेत लिहून द्या. लिहिलेलं सगळं पाळतो तो."

"आणि न लिहिलेलं?"

"ते कसं पाळेल, सार?" ती हसली. मीही हसलो.

नोंदी रंगनायकी अक्कांच्या होत्या. एकोणीस वर्षं फोनवर बसून त्यांनी जमवलेली चार हजार एकशे बारा माणसं: खाणावळवाले, लग्नाचे आचारी, देवळांच्या मुदपाकखान्यांचे कारभारी. प्रत्येक नोंदीच्या शेवटी शेऱ्याचा रकाना. अक्का त्यात नवी ओळ जुन्या ओळींच्या वर लिहीत. पोल्लाचीचा मेसवाला: आधी पावसाचं बोलावं, भाव तो स्वतःच विचारतो. ईरोडच्या बाई: नवरा नाही म्हणेल, ऐकून घ्यावं, आठ दिवसांनी बाईंनाच फोन करावा. पळनीच्या आचाऱ्याला एका कानाने ऐकू येत नाही. कुठल्या, तेही लिहिलेलं होतं. आवणी, म्हणजे आमचा श्रावण, संपला की अक्का निवृत्त होणार होत्या. "पोरीला सोनं घालून पाठवतात ना, तसा मी कारखान्याला हा रकाना देऊन चाललेय," असं त्या सगळ्यांना सांगत.

मी झपाट्याने लिहिलं. 'शेरा बदलणे' या साधनापुढे लिहिलं, "गिऱ्हाइकाशी झालेलं ताजं बोलणं इथे लिहावं." वाक्य सुटसुटीत झालं म्हणून मी स्वतःवर खूश होतो. ते साधन जुना मजकूर पुसून त्या जागी नवा ठेवतं, हे याळिनीने मला सांगितलं होतं. म्हणजे आधीचं वाचून, त्यासकट परत लिहायला हवं. पण शेरे कोण पुसतं? शेंबड्या पोरालाही कळेल, ते लिहून पान कशाला वाढवा?

एजंट त्याआधीच्या आडी महिन्यात, म्हणजे आमच्या आषाढात, कामाला लागला. आडीत आमच्याकडे लग्नं नसतात, नवं काही कुणी सुरू करत नाही, ग्राइंडर तर नाहीच घेत. त्यामुळे अक्का महिनाभर लेकीकडे गेलेल्या, आणि याळिनीला वाटलं, नवशिक्याला हाच महिना बरा. एजंटने सगळ्यांची विचारपूस केली. आमच्या भागात तोंडावर 'नको' म्हणायची रीत नाही. सगळ्यांनी एकच उत्तर दिलं.

आवणीच्या पहिल्या सकाळी अक्का कपाळाला विभूती लावून आल्या आणि त्यांनी संगणक उघडला.

"शिवसामी, इकडे ये. हे काय झालंय बघ," त्यांनी मला हाक मारली.

पोल्लाची: "आडी संपू दे, मग बघू." ईरोड: "आडी संपू दे, मग बघू." पळनी: "आडी संपू दे, मग बघू." अक्का खाली खाली जात राहिल्या. सबंध मुलूख एका सुरात बोलत होता.

याळिनीने सॉफ्टवेअरवाल्यांना फोन लावला. ते जुनी प्रत सात दिवस ठेवत. पुसून तीन आठवडे झाले होते.

"सार, एजंटची चूक नाही हं," ती हळूच म्हणाली. "लिहून दिलं होतं तेच त्याने केलं."

"माझीच आहे," मी म्हणालो.

अक्का माझ्याकडे वळल्या. "ग्राइंडर चालू असताना आत हात घालू नये, हे पुस्तिकेत कोण लिहायचं रे?"

"मीच."

"ते काय लोकांना माहीत नव्हतं?"

"पंच्याण्णव साली एकाने घातला होता, अक्का."

"मग माझ्या रकान्यासाठी कुणाचं बोट जायची वाट बघत होतास?"

गाळलेलं वाक्य मी त्याच दुपारी लिहिलं. अकरा शब्द. सातव्या पानावर त्याला पुरेशी जागा होती.

अक्कांनी मग कोरे कागद मागवले आणि आठवेल तसं लिहायला घेतलं. पंधरा दिवसांत तीनशे अकरा माणसं आठवली. बाकीची नुसती नावं उरली, नाव आणि फोन नंबर. त्या पंधरा दिवसांत त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. शेवटी मी घरी आरशासमोर चार वेळा म्हणून पाहिलेली माफी घेऊन त्यांच्या टेबलापाशी उभा राहिलो.

"अक्का, एकोणीस वर्षांचं तुमचं..."

"पळनीच्या आचाऱ्याचा कुठला कान?"

"मला... मी वाचलं होतं. आठवत नाही."

त्यांनी कागदावर 'कान' एवढंच लिहिलं आणि पुढे जागा सोडली. मी घसा खाकरून पुन्हा सुरुवात केली.

"शिवसामी," त्या मान वर न करता म्हणाल्या, "पंखा एकवर कर. कागद उडतायत."