दर्याबाबांचा स्पंज आणि कोरी बाटली

रविवारी सकाळी नऊ वाजता सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. एक शिंपी बाबांच्या पाण्यानं बरे झालेले गुडघे दुमडून दाखवत होता, एक निवृत्त कारकून तीन जिने चढल्याचं ओरडून सांगत होता आणि व्यासपीठावर दर्याबाबा डोळे मिटून डुलत होते.

"समुद्राच्या पोटात स्पंज नावाचा जीव राहतो!" बाबांनी सूर लावला. "हात नाहीत, पाय नाहीत, पळता येत नाही. तरी टिकला! कशाच्या बळावर? अमृताच्या! ते मी पिळतो, तुम्ही प्या!"

टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतल्या धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली, कारण हे शब्द जवळजवळ तिचेच होते. स्पंजातून औषध शोधणाऱ्या प्रयोगशाळेत ती अकरा वर्षं काम करत होती. पळता येत नाही म्हणून हा प्राणी शत्रूला दूर ठेवायला विषारी रसायनं बनवतो आणि त्यातल्या एखाद्याचं औषध होऊ शकतं, हे ती घरी जेवताना सांगायची. पोतंभर स्पंजातून चिमूटभर भुकटी निघते आणि तपासण्यांतच पंधरा-वीस वर्षं जातात, हेही सांगायची. पण तेवढं ऐकतो कोण! थोरल्या बहिणीनं अर्धंच ऐकलं. "तूच म्हणतेस ना, स्पंजात औषध असतं?" असं म्हणून ती सांधेदुखीवर बाबांचं पाणी पिऊ लागली. दुखणं पळालं. रक्तातली साखर मात्र अशी भडकली, की चार महिन्यांत थोरली गेली.

आता त्याच पाण्याची बाटली मांडीवर धरून आई शेजारी बसली होती. साखर आईलाही होती.

धाकटीनं बाटलीतलं पाणी तपासलं होतं. स्पंजाचा मागमूस नव्हता. स्टेरॉइडच्या गोळ्यांची पूड मात्र भरपूर होती. आईनं अहवाल बाजूला सारला. "तुझ्या यंत्राला काय कळतंय? माझे गुडघे मला कळतात."

तेव्हा धाकटीला रोजच्या कामातली एक रीत आठवली. प्रत्येक तपासणीत एक कोरी बाटली ठेवतात. सगळं तसंच, फक्त स्पंज नाही. त्या बाटलीतही गुण दिसला, तर करामत स्पंजाची नाही. आज ती कोरी बाटली बाबांनाच द्यायची होती.

ती उठली आणि पिशवीतून तपकिरी, फाटका तुकडा काढून दिला. "बाबा, खोल समुद्रातला आहे."

बाबांनी तो कानाशी धरला. डोळ्यांत पाणी आणलं. "रडतोय बिचारा! म्हणतो, साठ हात खोल तुझीच वाट बघत होतो!"

"जिवंत आहे?"

"नाडी लागतेय!" बाबांनी तो आधीच भरून ठेवलेल्या घागरीत पिळला.

धाकटीनं दुसरा तुकडा वर धरला. "मग याचीही नाडी बघा. हा त्याचाच उरलेला अर्धा. दोघंही परवापर्यंत माझ्या मोरीत कपबश्या घासत होते. प्लास्टिकचा स्पंज आहे, चहात रंगवलेला."

तिनं दोन्ही कडा जुळवल्या. तंतोतंत जुळल्या. मागून कुणीतरी फिसकन हसलं.

"माझ्या स्पर्शानं दगडालाही गुण येतो!" बाबा गरजले.

"मग स्वतः प्या पेलाभर." धाकटीनं पेला भरला. "मघाशी नंबर लावायला मागच्या खोलीत आले, तेव्हा तुमचं साखर तपासायचं यंत्र पाहिलं मी. घागरीत स्टेरॉइड आहे. त्यानं दुखणं दबतं आणि साखर भडकते. तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून तुम्ही पीत नाही."

बाबा मागे सरकले. तेवढ्यात आई उठली. पेला तिनं स्वतःच्या हातात घेतला.

"प्या ना, बाबा," ती म्हणाली. "माझी थोरली रोज प्यायची."

बाबांनी मागचं दार गाठलं. दारात धाकटीनं बोलावलेले औषध निरीक्षक उभे होते, मागच्या खोलीत सापडलेला स्टेरॉइडच्या गोळ्यांचा डबा हातात घेऊन. बाबांनी हात जोडले. धाकटीला तिळमात्र दया आली नाही. तीन महिने ती याच क्षणासाठी जगली होती आणि तो तिनं डोळे भरून पाहिला.

मग ती लोकांकडे वळली. "पाणी एकदम सोडू नका, त्यानंही त्रास होतो. आजच डॉक्टरांना बाटली दाखवा. माझ्यावरही आंधळा विश्वास नको, तपासून घ्या. आणि पुढे कुणी अमृत दिलं, तर आत काय आहे ते विचारा आणि पहिला पेला त्यालाच पाजा."

दवाखान्याच्या वाटेवर आईनं बाटली तिच्या हाती दिली.

"जेवताना तू ते पुढचं अर्धं सांगायचीस ना," ती म्हणाली, "ते आज सांग. ऐकते मी."