वाटेत सांगू नका

सातारा-सांगलीकडच्या घरांत लांबच्या माणसासाठी कुणी एकदम मरत नाही. आधी तब्येत बिघडते, मग माणूस सीरियस होतो, आणि फोन घेणारा उंबऱ्यापाशी येऊन पोचला की मगच त्याला मरायची परवानगी मिळते. पलटणीतल्या पोरांना तर हे पाठच झालेलं असतं. 'आई सीरियस, निघून ये' असा निरोप आला की शेजारच्या खाटेवरचा गडी काही न बोलता त्याची ट्रंक भरायला लागतो. वाटेत माणसाचं बरंवाईट होऊ नये म्हणून असं करतात, असं सगळे सांगतात. सांगणाऱ्याच्या जिवाला त्यात किती आराम असतो, ते मात्र कुणी बोलत नाही.

क्रांतीनं ही रीत एकदा मोडली होती. तिची सासू गेली तेव्हा नवरा शंभूराज सीमेवर होता. घरातली झाडून सगळी माणसं म्हणाली, नुसतं सीरियस म्हण. तिनं परसदारी जाऊन फोन लावला आणि सरळ सांगितलं की आई गेल्या, मिळेल त्या विमानानं या, तोवर मी त्यांना हलवू देत नाही. आणि खरंच दिलं नाही. नणंदा बोलल्या, भावकी बोलली, ही दारात ठाण मांडून बसली. शंभूराज आला, आईच्या तोंडावरून हात फिरवला, आणि बायकोला म्हणाला की हे जन्मभर विसरणार नाही. आपल्या दोघांत असलं काही लपवायचं नाही, असं तेव्हाच ठरलं. ठरलं म्हणजे त्यानंच ठरवलं, तिनं मान हलवली.

म्हणून झाशीच्या क्वार्टरमध्ये सकाळी फोन ठेवून शंभूराज म्हणाला की आबांना दवाखान्यात ठेवलंय, तुझी आठवण काढतायत, तेव्हा क्रांतीनं त्याच्या तोंडाकडं एकदा बघितलं आणि विश्वास ठेवला. आबा म्हणजे तिचे वडील, कडेगावचे हिंदुराव, रिटायर सुभेदार. क्रांतीनं विचारलं की दिल्लीला जाऊन विमान धरू या का. तो म्हणाला, एवढं काही नाही, दुपारच्या गाडीनं निघू, उद्या संध्याकाळी कराडला उतरू. स्टेशनवर तिनं आबांसाठी पेठा घेतला, कारण आबांचे दात गेले होते आणि गोडाची हौस तेवढी राहिली होती.

गाडीनं मात्र त्यांच्या बेताला भीक घातली नाही. पुढं कुठंतरी रुळाचं काम निघालं होतं. जो सिग्नल दिसेल तिथं गाडी बूड टेकायची आणि मागून येणाऱ्या गाड्यांना खुशाल वाट करून द्यायची. पहिल्या रात्रीतच चांगला पाच-सहा तासांचा उशीर झाला. दुसऱ्या दिवशी तर भर उन्हात ती एका ज्वारीच्या रानात अशी उभी राहिली की जनरलच्या डब्यातली माणसं उतरून झाडाखाली पत्ते कुटायला बसली.

एरवी शंभूराज रेशनवर मोजून मिळाल्यासारखा बोलणारा माणूस. ह्या प्रवासात त्याला कंठ फुटला होता. पलटणीच्या लांगऱ्यानं, म्हणजे स्वयंपाक्यानं, सायबाच्या खिरीत साखरेऐवजी मीठ कसं घातलं आणि सायबानं ती मुकाट्यानं कशी संपवली, हे त्यानं असं रंगवलं की क्रांती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मधेच तिच्यासाठी चहा आण, मधेच तिच्या पाठीला उशी दे, असं त्याचं चाललेलं. समोरची बाई म्हणालीसुद्धा, असा नवरा मिळायला नशीब लागतं. क्रांतीला ते पटलं. तिचा मनातला हिशेब सरळ होता. आबांचं काही वाईट असतं तर ह्यांनी सांगितलं असतं. ज्या अर्थी हे हसतायत, त्या अर्थी आबा बरे आहेत. ती अधूनमधून भावाला, दिग्विजयला, फोन लावायची. तो म्हणायचा की आबा झोपलेत, डॉक्टरांनी बोलू नको म्हटलंय. त्यावरही तिनं विश्वास ठेवला.

त्याच दुसऱ्या दिवशी उन्हं उतरताना मनमाडच्या अलीकडं एका लहान स्टेशनात गाडी थांबलेली असताना शंभूराजचा फोन वाजला. तो खाली उतरला आणि पार फलाटाच्या टोकाला गेला. खिडकीतून तिला त्याची पाठ दिसत होती. फोन झाल्यावर त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि तसाच उभा राहिला. परत आला तेव्हा त्याच्या हातात तिखट-मीठ लावलेले पेरू होते. कुणाचा फोन म्हणून तिनं विचारलं, तर म्हणाला की पलटणीचा. मग त्यातली चांगली फोड निवडून त्यानं तिला दिली, आणि तिनं ती खाल्ली.

तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी साताऱ्याला पोचली. तिथं केरबातात्या डब्यात चढले. आबांचे पलटणीतले जोडीदार, नोकरी संपल्यावर साताऱ्यात स्थायिक झालेले. गुडघे एसटीत दुमडत नाहीत म्हणून कराडपर्यंत रेल्वेनं जाणारा माणूस. त्यांनी क्रांतीला बघितलं, जवळ येऊन बसले आणि तिचा हात हातात घेतला.

"बरं झालं पोरी, गाठ पडली. मला वाटलं, मलाच उशीर झाला. पर तू आल्याबिगर सावडायचं न्हाई, आसं म्हनलाय दिग्विजय."

सावडायची ती राख. चिता विझली, थंड झाली, की मग नातलग जमून अस्थी गोळा करतात. हे कळायला क्रांतीला काही वेळ लागला नाही. शंभूराज खिडकीबाहेर बघायला लागला.

"कवा गेलं?" तिनं विचारलं.

केरबातात्यांनी आधी जावयाकडं बघितलं आणि चूक त्यांच्या ध्यानात आली. पण आता मागं फिरायला जागा नव्हती. त्यांनी हळूहळू सांगितलं, परवा पहाटेच गेले. तुझ्यासाठी बर्फात ठेवले होते. पण गाडीचा काही ठिकाणा लागेना, पाहुणे खोळंबले, तेव्हा काल उन्हं उतरताना अग्नी दिला.

काल उन्हं उतरताना ती पेरू खात होती. बापाच्या दुःखाआधी तिला लाज वाटली, आपण केलेल्या प्रत्येक हसण्याची. तिकडं आबा बर्फात तिची वाट बघत पडले होते आणि इकडं ही सायबाच्या खिरीवर हसत होती.

"तुमास्नी ठाव हुतं," ती नवऱ्याला म्हणाली.

"दिग्विजयनं शपथ घातली. वाटंत सांगू नका म्हनला. एवढा लांबचा परवास, चार लोकांत तू रडली असतीस, मी एकट्यानं कसं सांभाळलं असतं?"

"इमानानं आलो असतो तर परवा रातीच पोचलो असतो."

"इमानाचं नाव काढलं असतं तर तुला कळलं असतं."

तिला कळू नये एवढ्यासाठी तो तिला रेल्वेनं घेऊन आला होता.

"तुमच्या आईच्या वक्ताला मी सांगितलं हुतं," ती म्हणाली. "सगळ्या घराच्या इरोधात जाऊन सांगितलं हुतं."

केरबातात्या मधे पडले, चांगल्यासाठीच करतात, पोरीच्या काळजीनंच करतात, असं बरंच काही बोलले. क्रांतीनं ऐकून घेतलं. गाडी आता कुठंही न थांबता निघाली होती. कराडला उतरताना त्यानं हात पुढं केला तो तिनं धरला नाही.

जीप घेऊन आलेल्या माणसानं वाटेत सांगितलं की सगळे तुमच्यासाठीच थांबलेत. आबांचं तोंड दाखवायला त्यांना थांबवलं नव्हतं, राख दाखवायला मात्र अख्खी भावकी थांबली होती.

कडेगावात दारासमोर जीप उभी राहिली. लेक आली म्हटल्यावर आतल्या बायका उठल्या. लेकीनं उंबऱ्यावर हंबरडा फोडायचा आणि मग सगळ्यांनी तिला धरून रडायचं, हे ठरलेलंच असतं. भावजय राजनंदिनीनं पुढं होऊन क्रांतीला मिठी मारली आणि रडायला सुरुवात केली. बाकीच्यांनी सूर धरला. क्रांती कोरडीच उभी होती. रड बाई, मोकळी हो, असं कुणीतरी म्हणालं. मग दुसरी म्हणाली. दिग्विजय खाली मान घालून उभा होता आणि त्याच्यामागं, बॅगा हातात घेऊन, शंभूराज.

"दोन दिस ह्यांनी मला हसवत आनलंय, वैनी," क्रांती म्हणाली. "आता लगीच रडू कुठनं आनू?"