एक बोकड, दोन नवस

इंग्रजांच्या राज्यात कौन्सिलाची निवडणूक लागली तेव्हा कोळवणात मत देण्याइतका शेतसारा भरणारी माणसं मोजकीच होती. त्यांत रंभाचा सासरा भिवाजी होता आणि त्याचा धाकटा भाऊ भैरूही. घर एक, पण उमेदवार दोन. आपला माणूस निवडून यावा म्हणून भिवाजीनं भैरोबाला बोकडाचा नवस बोलला आणि भैरूनं म्हसोबाला. घरात बोकड मात्र एकच होता.

रंभाची दोन वर्षांची लेक सुंदरा त्या बोकडाला समोर बसवल्याशिवाय तोंड उघडत नसे. एक घास त्याला, मग एक तिला. कुणीही निवडून आलं तरी पोर उपाशीच राहणार.

निकाल ऐकून दोघं भाऊ पुण्याहून परतले ते ओरडतच.

"आपला आला!"

"आमचाबी आला!"

जिल्ह्याला जागाच दोन होत्या. मग बोकड आधी कुणाचा, यावरून अंगणातच जुंपली.

रंभानं पदर सारखा केला. "मामंजी, भैरोबाला दिला तर म्हसोबा कोपंल, म्हसोबाला दिला तर भैरोबा. कुणाचा कोप घ्यायचा, तेवढं तुमीच ठरवा."

"दादा, तुमी थोरले. कोप तुमीच घ्या," भैरू म्हणाला.

"वा रं शाण्या!" भिवाजीनं पागोटं काढून डोकं खाजवलं. "आसं करू, पुढल्या निवडणुकीला बगू. तवर त्यो आनखी माजंल. देवांचाबी फायदाच हाय."

रंभानं दुधात भाकर कुस्करली. सुंदरानं आ केला, पण बोकडानं तिच्याआधी.