ताटलीएवढी जागा

लिंडाचा नियम साधा होता. आपल्या दारातून समोरच्या घराच्या गॅरेजइतक्या अंतरावर एक कागदी ताटली टाचायची, वाढदिवसाला केक देतात तसली. पाच बाण मारायचे. पाचही ताटलीत बसले, तर हेमंतात तिच्याबरोबर जंगलात यायचं. एक जरी बाहेर गेला तरी घरी बसायचं. चुकार बाण लागलेलं हरीण झुडपात शिरून कुठेतरी दोन-दोन दिवस तडफडतं, आणि तसलं काही माझ्या जमिनीवर व्हायचं नाही, एवढंच तिचं म्हणणं.

ज्ञानदाचे तीन बसायचे. ऑगस्ट लागला आणि दोनच बसायला लागले.

लिंडा तिची अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावातली शेजारीण. साठी उलटलेली, जन्मभर शाळेची बस चालवलेली, उंच आणि कमी बोलणारी. रुही झाली ती ऐन जानेवारीत, बर्फ खिडकीच्या उंबऱ्याला लागलेलं असताना. तेव्हा ही बाई ओव्हनमध्ये भाजलेला बटाट्याचा गरम हॉटडिश घेऊन दारात उभी राहिली, बाळाला घेतलं आणि ज्ञानदाला म्हणाली, जा, आंघोळ करून ये. पुढच्या उन्हाळ्यात तिनेच ज्ञानदाला पार्कातल्या तिरंदाजीच्या मैदानावर नेलं आणि स्वतःचं जुनं, शिकारीचं धनुष्य तिच्या हातात दिलं. दर शनिवारचा एक तास. तेवढ्यापुरती रुही नवऱ्याकडे, सत्यजितकडे.

हरणाचं काय, ते ज्ञानदाचं तिलाच माहीत नव्हतं. समोर आलंच तर आपण बाण सोडू की नाही, हे ती स्वतःलाही विचारत नसे. तिला हवा होता तो तंबू. उत्तरेला लिंडाच्या माहेरची जमीन होती, तिथे झाडांमध्ये ती एक छोटा, पानांच्या रंगाचा तंबू लावायची आणि पहाटेपासून त्यात बसायची. आत बोलायचं नाही, हलायचं नाही, शिंक आली तर बाहीत दाबायची. हे ऐकताना ज्ञानदाच्या डोळ्यांत पाणी यायचं. दीड वर्षात तिला बाथरूममध्येसुद्धा कुणी हाक न मारता राहू दिलं नव्हतं, आणि जगात अशी एक जागा होती जिथे हाक मारायलाच बंदी होती! पण तंबूत जागा दोघींचीच, आणि लिंडा बघ्यांना नेत नसे. बघे चुळबुळ करतात. जो नेम धरू शकतो तोच गप्प बसू शकतो, असं तिचं शास्त्र.

म्हणून ती ताटली.

बाण चुकायला लागले तेव्हा ज्ञानदा घरी एवढंच म्हणाली, "धनुष्य थरथरतंय यार."

सत्यजित बशी पुसत होता, तो थांबला. इंजिनियर माणूस. आजारी माणसांना औषध सोडणारे बारके पंप बनवणाऱ्या कंपनीत त्याचं कामच हे, की कुठलं यंत्र किती थरथरतं आणि का. "अगं, मग सोपं आहे," तो म्हणाला. "पुढे वजन लावायचं. स्टॅबिलायझर." आणि तिला समजावून सांगितलं. धनुष्याच्या पुढच्या अंगाला एक दांडी बसवतात, टोकाला वजन असतं. दोरावरून चालणारी डोंबाऱ्याची पोर आडवी काठी धरते ना, तसं. काठीने तोल कलायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात नेम धरून होतो.

नागपूरला आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "फ्रिजला लावतात तो?" तसलाच, ज्ञानदा म्हणाली, पण धनुष्याचा. "आणि हात कसा आहे तुझा? मागं दुखतो म्हणाली होतीस." बरा आहे, ज्ञानदा म्हणाली. आई म्हणाली, पहिलटकरणीचे हात दुखणारच, आमचेही दुखले, पोरं काय हवेत वाढतात? मग रुहीने फोन ओढला आणि विषय तिथेच राहिला.

हात दुखत होता. डावा. अंगठ्याच्या मुळाशी मनगटात, सुरी फिरल्यासारखा. डाव्याच हातात धनुष्य धरायचं, आणि डाव्याच हाताने रुहीला काखेत घ्यायचं. हे ती आता कुणाला सांगत नव्हती, कारण सांगितल्यावर काय होईल ते तिला ठाऊक होतं. सगळे म्हणणार, हाताला आराम दे. आणि हात उचलत असलेल्या दोन ओझ्यांपैकी खाली ठेवता येण्यासारखं एकच होतं.

शनिवारी दोघं हायवेजवळच्या दुकानात गेली. एका अख्ख्या भिंतीवर स्टॅबिलायझर टांगलेले, वितीएवढ्यापासून हातभर लांबीचे, टोकाला रबराच्या गाठी. दाढीवाल्या दुकानदाराने विचारलं, शिकार की नुसती नेमबाजी? शिकार म्हटल्यावर त्याने आखूड दांड्या काढल्या. लांब दांडी तंबूच्या कापडाला अडकते, वळता येत नाही, तो म्हणाला. शिवाय आधी नुसतंच धरून बघा, हात थकेपर्यंत, मग ठरवा. ज्ञानदाने आखूड दांडी लावून धनुष्य धरलं. नेम धरायला धनुष्यावर बसवलेली टाचणी भिंतीवरच्या कागदावर माशीसारखी फिरत होती. मधली लावली. माशी जरा बसली, परत उडाली.

तेवढ्यात सत्यजितने खिशातून हातकाटा काढला. भारतात जाताना बॅगा तोलायचा तो. त्याने धनुष्य त्याला टांगलं, एकेक दांडी लावून पुढचं-मागचं वजन तोललं, फोनमध्ये आकडे घातले, आणि रुही ट्रॉलीत बसून त्याच्याकडे बघत टाळ्या वाजवायला लागली. दुकानदारही हाताची घडी घालून मजेत बघत राहिला.

"जेवढी लांब आणि जड, तेवढी स्टेबल," शेवटी सत्यजित म्हणाला. "मॅथ क्लिअर आहे."

दुकानदार म्हणाला की हे खरं आहे, पण धनुष्य टेबलावर ठेवलेलं असेल तर. मग त्याने ज्ञानदाकडे पाहिलं. तिने काहीतरी बोलावं म्हणून थांबल्यासारखं.

बोलायची वेळ तीच होती. लांब दांडी लावलेलं धनुष्य तिच्या हातात होतं आणि मनगटातून कोपरापर्यंत कळ गेली होती. सत्यजितच्या चेहऱ्यावर कोडं सुटल्याचा आनंद होता. गेले कित्येक महिने त्याला तिच्यासाठी काहीतरी करायचं होतं आणि काय करायचं ते कळत नव्हतं; आज कळलं होतं.

"हो," ती म्हणाली, "हा बरा वाटतोय."

मग आठवडाभर रुहीच्या दुपारच्या झोपेत ती गॅरेजमध्ये उभी राहून बाण न लावता नुसतं धनुष्य पेलायची. थरथर वाढली. तिने सांगितलं, अजून हलतंय रे. सत्यजितने मागच्या बाजूला तोलाला आणखी एक वजन लावलं. परत हललं. धनुष्य हातातून निसटू नये म्हणून त्याने मनगटाला अडकवायचा पट्टा आणला. "आता याला चाकं लाव," ती म्हणाली, "ढकलत नेते." तो हसला, तीही हसली, आणि रात्री रुहीला पाळण्यातून उचलताना तिने ओठ दातांखाली धरला.

परीक्षेच्या शनिवारी मैदानावर ऊन कोवळं होतं. लिंडाने ताटली टाचली, वळली, धनुष्य बघितलं आणि विचारलं, हे धनुष्य आहे की टीव्हीचा अँटेना?

पहिला बाण ताटलीत बसला. दुसराही. मागे सत्यजित रुहीच्या कानात, बघ आई, बघ आई, म्हणत होता. तिसऱ्या वेळी तिने दोरी ओढली आणि टाचणी ताटलीवर आणली, पण टाचणी ताटलीवर राहीना. हाताच्या आत कुणीतरी तार पिळत होतं. तिने दोरी हळूच परत सोडली. श्वास घेतला. तंबू आठवला, अंधार, पानं, कुणीही न बोलणं. पुन्हा ओढली. या वेळी जास्त थांबलं तर हात सुटेल म्हणून तिने घाईने बाण सोडला, आणि तो ताटलीच्या डावीकडे, मागच्या फोमच्या गठ्ठ्याच्या पार कडेला जाऊन रुतला.

लिंडा तिच्याकडे आली. बाणाकडे तिने बघितलंही नाही. ज्ञानदाचा डावा हात घेतला, अंगठा मुठीत मुडपला आणि मूठ अलगद खाली वाकवली. ज्ञानदाच्या तोंडून नुसता श्वास निघाला. डोळे भरून आले.

"कधीपासून?" लिंडाने विचारलं.

"जूनपासून."

दुसऱ्या मुलाच्या वेळी माझंही हेच झालं होतं, लिंडा म्हणाली. धनुष्याने नाही होत हे, बाळ उचलून होतं. डॉक्टर पट्टी देतील आणि सांगतील, काही आठवडे बाळाला उचलू नका. हे सांगताना ती स्वतःच हसली, आणि ज्ञानदालाही हसू आलं, तसल्या हसण्याला जे काही म्हणत असतील ते.

सत्यजित जवळ आला होता. त्याचा चेहरा उतरला होता. "ज्ञानू, तू बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस, धनुष्याला काय होतंय," ती म्हणाली. "ते मी सांगत होते."

मग तिने लिंडाला, विचारू नये हे कळत असूनही विचारलं, की नेम बरा होईपर्यंत, बाण न घेता, नुसतं बसायला आले तर? लिंडाने बराच वेळ ताटलीकडे बघितलं. तिला जड जात होतं, ते दिसत होतं.

"पुढच्या वर्षी," ती म्हणाली. "ताटली कुठे जात नाही."

तिने लांब दांडी फिरवून काढली, मागचं वजन काढलं, आणि दोन्ही सत्यजितच्या हातात दिलं. त्याच्या एका हातात ते आणि दुसऱ्या हातावर रुही. रुहीला एवढा वेळ आई दिसत होती आणि मिळत नव्हती. तिने अंग पुढे झोकलं.

"अप," ती म्हणाली.

"बाबाकडेच थांब, पिल्लू. आईला बाऊ झालाय," सत्यजितने तिला वळवलं, झुलवलं, रबराची गाठ खेळायला दिली. रुहीने ती गवतात फेकली आणि सगळं मैदान वळून बघेल असा टाहो फोडला. "अप, अप." दोन्ही हात पसरलेले, चेहरा लालबुंद. सत्यजितने असहायपणे ज्ञानदाकडे पाहिलं. ज्ञानदाने लिंडाकडे पाहिलं. लिंडा बाण काढायला निघून गेली.

ज्ञानदाने आधी उजवा हात पुढे केला. पण रुहीची सवय डाव्या काखेची. ती डावीकडेच कलली, नेहमीसारखी, आणि ज्ञानदाचा डावा हात आपोआप तिच्याखाली गेला. सगळं वजन मनगटावर आलं. रुही तत्क्षणी शांत झाली. आईच्या मानेत तोंड खुपसून हुंदके आवरायला लागली.

तिच्याखाली हात थरथरत होता, अगदी धनुष्याखाली थरथरायचा तसा. रुहीला तो झोका वाटला असावा. तिने मान वर केली, आईकडे बघितलं आणि हसली.