लेसच्या फुलांचं बी

खुब्याचं हाड मोडून सहा आठवडे इस्पितळात काढल्यावर थेल्मा पार्जिटर घरी आली, तेव्हा नोव्हेंबर लागला होता. काठी टेकत ती आधी मागच्या बागेत गेली आणि दारातच थबकली.

बाग चकाचक होती. एक काडी नाही, एक पान नाही. सगळ्या वाफ्यांवर, तण उगवू नये म्हणून पसरलेला, झाडाच्या सालीचा जाड थर.

"कशी वाटली?" धाकटा भाऊ क्लेमंट खुशीत म्हणाला. "चार दिवस राबलोय. नुसतं रान माजलं होतं. गाजराच्या पाल्यासारखं काहीतरी, जिकडंतिकडं."

"ते रान नव्हतं रे."

"मग काय होतं?"

आईच्या वेळेपासून ती पांढरी, लेससारखी जाळीदार फुलं या बागेत आपली आपण उगवत आली होती. उन्हाळ्यात बी गळायचं, थंडीच्या तोंडाशी रोपं वर यायची, बर्फातही तग धरायची. कधी पेरावं लागलं नाही, म्हणून थेल्मानं कधी बी जपूनही ठेवलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात तिला घर खायला उठलं. चहा ओतायची आणि तसाच सोडून बागेत जायची. काठीनं साल उकरून बघायची. खाली काळी माती, बाकी काही नाही. क्लेमंटचा फोन आला की दोन शब्दांत उरकायची.

"दुकानातनं बियांचं पाकीट आणून देऊ का?" त्यानं एकदा विचारलं.

"नको. तू फक्त काही आणू नकोस, काही करू नकोस."

एप्रिलमध्ये कुंपणाच्या झुडपांतून तिला शेजारच्या ऑलिव्ह स्टॅगलच्या खडीच्या वाटेवर हिरवा, बारीक चिरलेला पाला दिसला. तीच रोपं! पण मागायची कशी? अकरा वर्षांपूर्वी ऑलिव्हनं मूठभर बी मागितलं होतं आणि थेल्मानं "ती फुलं आमच्या घरची आहेत" म्हणून सरळ नाही सांगितलं होतं. तेव्हापासून दोघी फक्त हवापाण्याचं बोलत.

तीन दिवस ती शेजारच्या फाटकापर्यंत जाऊन परत फिरली. चौथ्या दिवशी तिनं घंटा वाजवली.

"दरवर्षी येतात कुंपणाखालून," ऑलिव्ह दारातूनच म्हणाली. "दरवर्षी उपटून टाकते. तुम्ही दिली नव्हतीत, मग चोरून कशाला ठेवू?"

"मग यंदा?"

"तुमच्या भावानं तिकडं सगळं खरवडून शेकोटी केली, ते खिडकीतनं पाहिलं. मग हात धजावला नाही."

"चार रोपं उचलून नेऊ?"

"सोटमूळ असतं त्यांना. हलवली की मरतात, हे मी सांगायचं तुम्हाला?"

थेल्मा ओशाळली. म्हणजे बी धरेपर्यंत थांबणं आलं.

मग रोज तिची खेप सुरू झाली. गोगलगायी वेच, पोस्टमनला वाटेच्या कडेनं चालायला लाव. "अहो, आज वाढलेली रोपं उद्या कमी होणार आहेत का?" ऑलिव्ह वैतागायची, पण दार उघडंच ठेवायची. जूनमध्ये वाट पांढरीशुभ्र झाली, तरी थेल्माला फुलं बघवेनात. तिला वाळलेली बोंडं हवी होती.

जुलैच्या अखेरीस दोघी गुडघ्याखाली उशा घेऊन बी खुडायला बसल्या. काटेरी बिया बाह्यांना चिकटत होत्या.

"तेव्हा मी द्यायला हवं होतं," थेल्मा मान वर न करता म्हणाली.

"हो, हवं होतं," ऑलिव्ह म्हणाली, आणि पुढची बोंडं तिनं थेल्माच्या टोपलीत टाकली. "चहा तरी घेऊन जा."

थेल्मानं चटके सोसत तो उभ्या उभ्या संपवला. दुपार टळायच्या आत तिनं क्लेमंटला बोलावून सगळी साल उचलायला लावली आणि बी स्वतःच्या हातानं विखुरलं.

ऑक्टोबरात रोपं आली. कुंपणालगत दाट, मधे विरळ. विरळ जागांकडे बघत ती अजून दिवसातनं चारदा बाहेर जाते.