कुसुमबाईंनी लिहिलेल्या वेळा

"काऊन रे मोतीराम, हे पुन्हा निळं पडून राह्यलं ना!" कुसुमबाईंनी लॅपटॉप माझ्या टेबलावर ठेवला.

इचोड्याच्या बसस्टँडसमोर माझं दुरुस्तीचं दुकान. बाई तामसीकडच्या निवृत्त नर्स. बसनं आल्या होत्या. अपडेट झाल्यापासून मशीन दहा मिनिटं चालायचं, मग निळा पडदा, मग आपोआप बंद, पुन्हा चालू.

मी रॅम काढली, खोडरबरानं घासली, परत लावली. पुन्हा निळं. सेफ मोडमध्ये मात्र गरीब गाईसारखं चाललं. म्हणजे दोष अपडेटचाच. तेवढं उपटून काढायचं, तासाभराचं काम.

पण दुकानात चार जण चहा घेत बसले होते, आणि एका लॅपटॉपमधून मी जिवंत मुंगूस कसं काढलं ते त्यांना सांगत होतो. गेल्या वर्षीपर्यंत ती पाल होती. मुंगसाच्या मिशा नुकत्याच पंख्याच्या जाळीतून बाहेर आल्या होत्या. अशा वेळी तासभर पडद्याकडे कोण बघत बसणार? फॉरमॅट मारला की मशीन आपलं आपण चालतं, माणूस बोलायला मोकळा.

"बाई, सामान समदं डीमंदी हाय ना?" आमच्या धंद्यात हा एकच प्रश्न. मशीनच्या साठ्याचे दोन कप्पे, सी आणि डी; सी पुसायचा, डीला हात लावायचा नाही.

बाई थबकल्या. चौघं बघत होते. छत्तीस वर्षं ज्यांनी अख्ख्या गावाला "समजलं का?" म्हणून दरडावलं, त्यांना डी म्हणजे काय, हे विचारणं जमलं नाही.

"हाय ना. असंल."

ते 'असंल' मी ऐकलं. नीट ऐकलं. पण मुंगूस अर्धं बाहेर आलं होतं. मी बटण दाबलं.

मशीन झकास सुरू झालं. बाईंनी चष्मा लावला. "मोतीराम, समोरच माही फाईल होती. बाळंतपणाची. दिसून नाही राह्यली."

समोर ठेवलेलं सगळं सीमध्येच असतं. मी डी उघडला. रिकामा.

छत्तीस वर्षांत हातावर झेललेली अडीच हजार लेकरं होती त्या फाईलीत. आईचं नाव, गाव, मिनिटासकट वेळ. पत्रिकेसाठी, दाखल्यासाठी लोक अजून बाईंच्या दारी यायचे. जुन्या वह्यांवरून दोन बोटांनी टाईप करायला त्यांना दोन वर्षं लागली होती.

"वह्या असतीन ना घरी?"

"वाळवी लागली होती. लिवलेला कागद उकिरड्यावर कसा टाकाचा? बासरला नेऊन गोदावरीत सोडल्या, मागच्या महिन्यात."

हरवलेल्या फायली शोधायचं सॉफ्टवेअर तीन दिवस चालवलं. हाती लागले ते कुणाच्या बारशाचे फोटो, तेही अर्धे राखाडी. चौथ्या दिवशी बाई परत आल्या.

"मीच पुसलं, बाई. अपडेट तेवढं काढाचं होतं." आयुष्यात इतकी छोटी गोष्ट मी कधी सांगितली नव्हती.

"मीबी हाय म्हनलं ना." त्यांनी लॅपटॉप पिशवीत घातला. "तुह्या प्रीतीची वेळ ध्यानात हाय मले. पायाळू होती. मंगळवार, अकरा वाजून चाळीस मिनिटं."

पोरगी ग्रहणात जन्मली, असं मी गावभर सांगत आलो होतो.

परवा तामसीला गेलो. बाई एका ओट्यावर बसल्या होत्या, मांडीवर कोरी वही. समोरची म्हातारी लेकाच्या जन्माची वेळ आठवून आठवून सांगत होती, "गाई सुटल्या होत्या, बाई. नाही तं सुटाच्या होत्या."

बाईंनी तिला दरडावलं नाही. म्हातारी बोलली तसंच लिहून घेतलं.