मला ड्रिलवर का पाठवलेत?

मित्रांनो, मी एक जुना, जाड चामड्याचा हातमोजा आहे, डाव्या हाताचा. माझी दोन बोटे पिळवटून फाटली आहेत आणि पुरावा म्हणून मला कारखान्याच्या कार्यालयातल्या काचेच्या कपाटात कोंडले आहे. पुरावा कशाचा, हे ठरवणाऱ्यांनी मला काहीच विचारले नाही. म्हणून तुम्हाला सांगतो.

माझा जन्म धारदार पत्रे उचलण्यासाठी झाला. दुहेरी शिवण, तळव्यावर जादा चामडे, मनगट झाकणारी बाही: त्या कामाला जे हवे, ते सारे मला मिळाले होते. पत्रेविभागातला धिप्पाड हमाल, ज्याला सगळे पैलवान म्हणत, मला चार वर्षे वापरत होता. "बायको रुसली तर समजूत घालीन," तो म्हणे, "पण हा मोजा हरवला तर रडेन!" मित्रांनो, योग्य जागी असण्यासारखा दुसरा सन्मान नाही.

मग एके दिवशी पॅकिंगमध्ये कोणाचा तरी तळहात कापला. कारखान्याचे साहेब तातडीने जागे झाले आणि भिंतीवर फलक लागला: 'हातमोजे सर्वांना सक्तीचे.' कोणत्या कामाला कोणता मोजा, कोणाच्या हाताचे माप काय, याची चौकशी कोणी केली नाही. रोग पाहिला नाही, औषध मात्र गावभर वाटले! कोठारात होते नव्हते ते मोजे वाटले गेले, कमी पडले म्हणून पैलवानाकडून मलाही काढून घेतले, आणि मी ड्रिल मशीनवरच्या ताईंच्या वाट्याला आलो. त्यांच्या बोटांपुढे माझी टोके बोटभर रिकामी लोंबत होती.

ताईंनी मला काढून बाजूला ठेवले. साहेब उभेच होते.

"ताई, मोजा कुठंय?"

"साहेब, फिरत्या ड्रिलवर मोजा घालत नाहीत. टोक गुंडाळलं, की अख्खा हात आत जातो. वीस वर्षं झाली मला या मशीनवर."

"फलक वाचलात ना? सर्वांना म्हणजे सर्वांना. तुम्ही काय आभाळातून पडलात?"

"फलकाला बोटं नाहीत, साहेब. मला आहेत."

"उद्या तपासणी आहे. घाला मुकाट्याने, नाहीतर घरी बसा."

ताईंनी मला चढवले. तिसऱ्याच भोकाला माझे रिकामे टोक ड्रिलने पकडले. मी फाटायला हवा होतो, लगेच, कागदासारखा. पण मला मजबूत शिवले होते! ज्या मजबुतीचे चार वर्षे कौतुक झाले, तिनेच ताईंचा हात आत ओढला. शेजारच्याने मशीन बंद केले, तोवर दोन बोटे गेली होती.

चौकशीच्या कागदावर प्रश्न होता: 'हातमोजा घातला होता का?' उत्तर: 'होय.' निष्कर्ष: 'मोजा जीर्ण होता. ड्रिल विभागास यापुढे अधिक जाड मोजे द्यावेत.'

ते जाड मोजे आले, त्याच दिवशी ताईही कामावर परतल्या. त्यांनी मोजे साहेबांच्या टेबलावर ठेवले आणि शेजारी आपला तीन बोटांचा हात ठेवला.

"आता याच्या मापाचा काढा आदेश."

ताईंच्या मागे ड्रिल विभागातले सगळेजण येऊन उभे राहिले होते. एकाच्याही हातात मोजा नव्हता.

मित्रांनो, आम्हा वस्तूंची निगा राखा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी त्याआधीचे सांगतो. आम्हाला निवडताना कामाकडे पाहा, हाताचे माप घ्या, आणि ज्याचा हात आहे त्याचे ऐका. एवढे करायचे नसेल, तर आम्हाला कोणाच्या अंगावर चढवू नका.